भाड्याच्या सायकली, लंगर आणि चार बेअरिंगं

अर्धापूरला डिसेंबर लागला की पहाटे केळीच्या बागांच्या कडेनं धूर दिसतो. थंडीनं केळीची वाढ खुंटते, पानं पिवळी पडतात, म्हणून शेतकरी बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतात आणि रात्रीचं पाणी सोडतात. इसापूर धरणाचं पाणी कालव्यानं आलं तसा हा पट्टा आणखी केळीचा झाला आणि आमच्या गावाची थंडीही ओली झाली. लातूरकडचे पाहुणे यायचे तेव्हा म्हणायचे, तुमच्या गावचा गारठा हाडात शिरतो. त्यात अतिशयोक्ती नव्हती.

मी सांगतोय तो 1986-87चा हिवाळा. आम्ही पाच जण नववीत होतो. एकाचे वडील केळीचे बागवान, एकाच्या घरचं किराणा दुकान, एकाचे वडील सायकली भाड्यानं देत, एक दाभडकडून मामाकडे शिकायला आलेला, बौद्धवाड्यात राहणारा, आणि मी. नांदेड आमच्यापासून वीसेक किलोमीटर. मोठी माणसं तिथं कोर्टाला, दवाखान्याला आणि मोंढ्यात माल घालायला जायची. आमची कामं दोनच होती. एक, गुरुद्वारा. दुसरं, जुनी बेअरिंगं.

ज्यांनी बेअरिंगची गाडी केलेली नाही त्यांना थोडं सांगायला हवं. एक फळी घ्यायची, तिच्याखाली आडवे दोन दांडे. दांड्यांची टोकं तासून त्यांवर ट्रक-ट्रॅक्टरची बाद झालेली बेअरिंगं ठोकून बसवायची. मागचा दांडा पक्का, पुढचा मधोमध एका बोल्टवर फिरता. त्याला दोरी बांधली की सुकाणू तयार. वर बसायचं, पाय पुढच्या दांड्यावर, आणि कालव्याच्या पुलावरून उतारानं सोडून द्यायचं. डांबरावर जी खरखर उठायची ती अर्ध्या गावाला ऐकू जायची. चाकांचे बूट आम्ही सिनेमात आणि दूरदर्शनवर पाहिले होते. बर्फावर घसरत जाणारी माणसंही पाहिली होती. आमचं स्केटिंग ते हेच. त्यात आनंद तेवढाच होता, हे आज दोन्ही पाहिल्यावर मी ठामपणे सांगतो.

अर्धापुरात बेअरिंग मिळायचं, पण एखाद-दुसरं. सारख्या मापाची चार हवीत तर नांदेडची गॅरेजं गाठायला लागायची. म्हणून एका रविवारी पहाटे तीन सायकली काढल्या. सायकल दुकानदाराच्या मुलाला घरची सायकल फुकट नव्हती, वडिलांनी त्याच्याही सायकलीचं दिवसाचं भाडं वहीत मांडलं. दोन सायकलींवर डबलसीट, एकीवर एकटा, आणि दर दोन-तीन किलोमीटरला अदलाबदल. कानाला मफलर, अंगात घरी विणलेले स्वेटर, पिशवीत भाकरी, ठेचा आणि बागवानाच्या घरची केळी.

रस्ता एकेरी डांबराचा. समोरून एस.टी. आली की आम्ही कडेच्या मातीत उतरायचो. दाभड आलं की तिथल्या मित्राची आत्या वाट अडवून चहा पाजणार हे ठरलेलं. पुढं भोकरफाटा, फाट्यावर शेकोटी, शेकोटीभोवती ट्रकवाले. तिथं हात शेकल्याशिवाय पुढं जायचं नाही असा आमचा नेम. कुणी विचारायचं, "कुठं चाललाव रे पोरांहो एवढ्या थंडीत?" आणि आम्ही एका आवाजात म्हणायचो, "गुरुद्वाऱ्याला." बेअरिंगचं नाव काढायचं नाही, कारण देवाला चाललो म्हटलं की चहाचे पैसे कुणी घेत नसे. आसनेच्या पुलावर पोचेपर्यंत सूर्य वर आलेला असायचा. तिथून नांदेड दिसायला लागायचं आणि त्या काळी मिलचा भोंगा तिथपर्यंत ऐकू यायचा. उस्मानशाही मिल हे तिचं जुनं, निजामाच्या काळातलं नाव. आमच्या वडिलांच्या पिढीनं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

गॅरेजवाला सरदारजी होता. नांदेडचे शीख म्हणजे आमच्यासाठी परके कधीच नव्हते. त्यांतल्या बऱ्याच घरांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात, महाराजा रणजितसिंहांच्या काळात हैदराबाद संस्थानात आले आणि इथलेच झाले. त्यांना दखनी शीख म्हणतात. घरात पंजाबीचा अंश, बाजारात दखनी हिंदी आणि आमच्याशी बोलायला आमचीच मराठवाडी. त्यानं आमचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठले रे तुम्ही?"

"अर्धापूरचे."

"केळीचं गाव. लंगरात जेवलाव का?"

"अजून नाही, सरदारजी."

"मग कामून उभे राहिलाव इथं? आधी जा, माथा टेका, जेवा. बेअरिंग कुठं पळून जाऊ लालंय?"

त्या वेळी गुरुद्वाऱ्याकडे जाणाऱ्या गल्ल्या अरुंद होत्या. दोन्ही बाजूंना दुकानं: कडी, कंगवे, कृपाणं, रेशमी रुमाल, गुरूंची चित्रं, मधेच एखादं चुडीवाल्याचं आणि एखादं वहीपुस्तकांचं. गल्ली वळायची आणि एकाएकी समोर तो पांढरा देखावा, वर सोन्याचा पत्रा चढवलेला घुमट. हे बांधकाम रणजितसिंहांनी 1832 ते 1837 या काळात करवलं. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक, तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब. गुरू गोविंदसिंहजी 1708 साली इथं आले. इथंच त्यांच्यावर हल्ला झाला, इथंच 7 ऑक्टोबर 1708 रोजी ते ज्योतीत विलीन झाले, आणि त्याआधी आपल्यानंतर देहधारी गुरू नाही, ग्रंथच गुरू, असं त्यांनी सांगितलं. जगभरातल्या शिखांच्या श्रद्धेला ज्या निर्णयानं आजचं रूप आलं तो आमच्या जिल्ह्याच्या गावी, गोदावरीकाठी घेतला गेला. नववीत असताना याचं मोल कळत नव्हतं. पण आत पाऊल टाकताना आवाज आपोआप खाली जायचा.

जोडे जोडाघरात दिले, रुमाल डोक्याला बांधले. जोडे घेणारा माणूस पांढऱ्या दाढीचा, चांगल्या कापडाचा सदरा घातलेला. दाभडच्या मित्रानं चप्पल पुढं केली ती संकोचानं. त्या माणसानं ती दोन्ही हातांनी घेतली, खालची माती फडक्यानं पुसली आणि फळीवर ठेवली. मित्र बराच वेळ मागं वळून त्या फळीकडे पाहत होता. त्याच्या वडिलांना आमच्याच गावातल्या हॉटेलात कपबशी वेगळी मिळायची. ती बाहेर, कौलाखालच्या कोनाड्यात ठेवलेली असायची आणि पिऊन झाल्यावर त्यांनाच धुऊन ठेवायला लागायची. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यावर आम्ही कधी बोललो नव्हतो.

आत कीर्तन चाललं होतं. मधल्या अंगीठा साहिब या गाभाऱ्यात फक्त तिथले मुख्य पुजारीच जातात. बाकी सगळ्यांनी बाहेरून माथा टेकायचा. संध्याकाळच्या आरतीनंतर गुरूंची शस्त्रं दाखवतात, पण आम्हाला उजेडात परतायचं असल्यानं ती त्या दिवशी पाहायला मिळाली नाहीत. घोडे मात्र पाहिले. गुरूंच्या घोड्याच्या वंशातले म्हणून ते मानानं पाळलेले आणि हल्लाबोलच्या मिरवणुकीत पुढं निघणारे. माळेगावच्या जत्रेत शेकडो घोडे बघितलेल्या आम्हा पोरांनाही त्या घोड्यांचा रुबाब वेगळा वाटला.

आणि मग लंगर.

लांब सतरंज्यांच्या पट्ट्या. जो येईल तो पुढच्या रिकाम्या जागी बसत होता. कुणी कुणासाठी जागा धरत नव्हतं, कुणाला उठवत नव्हतं. आमच्या उजवीकडे एक ट्रकवाला, डावीकडे एक म्हातारी, बहुधा पंजाबातून आलेली. आम्ही पाच जण ज्या क्रमानं आत शिरलो त्याच क्रमानं बसलो. किराणा दुकानवाल्याचा मुलगा, त्याला लागून दाभडचा, त्याला लागून बागवान, मग मी, मग सायकलवाला. थाळ्या आल्या. डाळ आली, भाजी आली, खीर आली. पोळी वाढणारा "प्रसादा" म्हणत आला तेव्हा कळेना काय करायचं. शेजारच्या म्हातारीनं दाखवलं: दोन्ही हात ओंजळीसारखे पुढं करायचे. पोळी थाळीत पडत नाही, हातात पडते.

आम्ही शाळेत एका बाकावर बसत होतो, एकाच विहिरीत पोहत होतो. पण एका पंगतीत, उघडपणे, सगळ्यांसमोर आम्ही पाच जण पहिल्यांदा जेवलो ते नांदेडच्या लंगरात. लग्नाच्या पंगतीत ते झालं नव्हतं, भंडाऱ्यात नव्हतं, सप्त्यात नव्हतं. जेवताना आमच्यापैकी कुणी त्यावर चकार शब्द काढला नाही. किराणावाल्याचा मुलगा खीर दुसऱ्यांदा घेत होता आणि दाभडच्या मित्रानं स्वतःच्या वाट्याची त्याच्या थाळीत ओतली. एवढंच झालं. पण मला त्या दिवसातलं सर्वांत स्पष्ट आठवतं ते हेच.

जेवून भांडी घासायला बसलो. आजूबाजूची मोठमोठी माणसं घासत होती, मग आम्हीही बसलो. नंतर घाटावर गेलो. नगिनाघाट तिथून पायी अंतरावर. त्या हिवाळ्यात गोदावरीचं पाणी निवळ होतं, तळाचे गोटे दिसत होते. बंदाघाटावर आमच्या इतिहासाच्या पुस्तकातला धडा होता: माधोदास नावाचा बैरागी इथं मठी करून राहत होता, गुरू गोविंदसिंहजींना भेटला आणि बंदासिंह बहादूर होऊन पंजाबात गेला. बागवानाच्या मुलानं पिशवीतली केळी तिथं वाटली, आमच्यात आणि आसपासच्या यात्रेकरूंतही. एका पंजाबी आजोबांनी विचारलं, कुठली केळी? आम्ही अर्धापूर म्हटलं. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं.

सरदारजींनी बेअरिंगं रॉकेलनं धुऊन ठेवली होती. चार, सारख्या मापाची. पैसे घेतले नाहीत. परतीचा रस्ता उलट्या वाऱ्याचा, त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. अंधार पडला, डायनमोचा दिवा मिणमिणत राहिला, आणि पोचल्यावर प्रत्येकानं आपापल्या घरी बोलणी खाल्ली.

माझ्या घरी बोलणी वेगळी होती. आजीनं विचारलं, "जेवलास कुठं?" मी सांगितलं. "कोणाच्या पंगतीला बसलास?" तेही सांगितलं. ती माळकरी होती, दर कार्तिकीला पंढरपूर आणि जमेल तेव्हा नरसीला जायची. नरसी म्हणजे संत नामदेवांचं गाव, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातलं, आता हिंगोलीतलं. मी तिला म्हटलं, आजी, तिथल्या ग्रंथात आपल्या नामदेवांची पदं आहेत, गुरुजींनी शाळेत सांगितलंय. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. कबीरांची आहेत, शेख फरीदांची आहेत, रविदासांची आहेत. विणकर, फकीर, चर्मकार आणि आमच्या शेजारच्या गावचा शिंपी, सगळ्यांचे शब्द एका ग्रंथात, आणि त्या ग्रंथापुढं माथा टेकायला राजेही येतात. आजी गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पुढच्या वेळी मलाही ने." ती गेली का नाही हे सांगायचं तर गेली, एस.टी.नं, पुढच्याच पौषात, आणि तिथल्या बायकांसोबत पोळ्या लाटून आली.

गाडी तयार झाली, फळी मोडेपर्यंत चालली.

आता त्या रस्त्यावर जा. तुळजापूर-नागपूर हा 361 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग झालाय, चौपदरी, सिमेंटचा. अर्धापूरला बाहेरून वळसा घालून गाड्या निघून जातात. गावातून निघालं की पाऊण तासाच्या आत गुरुद्वारा. दाभड कधी गेलं कळत नाही. तिथं बावरीनगरला महाविहार आहे, पौष पौर्णिमेला धम्म परिषद भरते आणि दूरदूरचे लोक येतात. आमच्या मित्राची आत्या त्या मंडपात स्वयंपाकाला असायची. आता ती नाही. फाट्यावर शेकोटी नाही, हॉटेलं आहेत.

नांदेडही बदललं. नव्वदच्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आली, थेट अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस सुरू झाली. स्टेशनचं नावही आता हुजूर साहिब नांदेड आहे. खरा पालट 2008च्या आसपास झाला. गुरू ग्रंथसाहिबाला गुरुगादी मिळाल्याला तीनशे वर्षं होत होती, जगभरचे शीख येणार होते. रस्ते रुंद झाले, विमानतळ मोठा झाला, यात्री निवास उभे राहिले, गुरुद्वाऱ्याभोवतीच्या गल्ल्या गेल्या आणि मोकळं, फरसबंद आवार आलं. त्या गल्ल्यांची मला आठवण येते, पण त्या राहायला हव्या होत्या असं मी म्हणणार नाही. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या म्हाताऱ्यांना, तान्हं मूल घेऊन दीड हजार किलोमीटर आलेल्या बाईला ते मोकळं आवार आणि स्वच्छ स्वच्छतागृहं मिळाली, हे मोठं काम झालं. वाईट वाटतं ते नदीचं. घाटावर आज सांडपाण्याचा वास येतो, जलपर्णी साचते. ज्या पाण्यात आम्ही तळाचे गोटे मोजले त्यात आज कुणी पाय घालायला धजत नाही. हजूर साहिबात रोज पहाटे गोदावरीचं पाणी घागरीतून आणायची जुनी रीत आहे. त्या रीतीसाठी तरी ही नदी नितळ असायला हवी होती.

किराणा दुकानवाल्याचा मुलगा आज कॅनडात, टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला असतो. गेल्या डिसेंबरात तो लेकीला घेऊन आला आणि आम्ही पाचही जण पुन्हा एकत्र नांदेडला गेलो. या वेळी एका गाडीतून. त्यानं वाटेत जे सांगितलं ते मी तोवर ऐकलं नव्हतं.

तो पहिल्यांदा कॅनडात उतरला तोही हिवाळाच होता. नोकरी नाही, ओळख नाही, तापमान शून्याच्या खाली. एका रविवारी कुणीतरी त्याला मिसिसॉगाला डिक्सी रोडवरच्या गुरुद्वाऱ्यात नेलं. ओंटारियो खालसा दरबार, त्या देशातल्या मोठ्या गुरुद्वाऱ्यांपैकी एक. तो म्हणाला, "आत गेलो, जोडे काढले, रुमाल बांधला. पंगतीत बसलो. पोळी घेऊन माणूस आला आणि माझे दोन्ही हात आपोआप पुढं गेले. शेजारच्या बुजुर्गानं विचारलं, तुला हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, मी नांदेडचा आहे. तो उठून उभा राहिला. हजूर साहिबचा? म्हणाला आणि माझे हात धरले." त्यानंतर खोली त्या माणसाच्या ओळखीनं मिळाली, पहिली नोकरीही. तिथं शिकायला येणारी कितीतरी भारतीय पोरं महिन्याच्या शेवटी लंगरातच जेवतात, असंही तो सांगत होता, आणि त्यांत मराठी पोरंही असतात.

त्याची लेक पंधरा वर्षांची. तिच्यासाठी हिवाळा म्हणजे बर्फावरचं स्केटिंग. ब्रॅम्प्टनच्या गेज पार्कात झाडांमधून वळत जाणारी बर्फाची वाट असते. जमिनीखालच्या नळ्यांतून थंड द्रव फिरवून ती गोठवलेली ठेवतात, म्हणजे ऊन पडलं तरी बर्फ टिकतो. शनिवारी मैत्रिणींबरोबर तासभर ती वाट, रविवारी वडिलांबरोबर डिक्सीचा गुरुद्वारा. मैत्रिणींत एक पंजाबी, एक सोमाली, एक पोर्तुगीज. हे सांगताना तिला त्यात विशेष काही वाटत नव्हतं.

हजूर साहिबात मात्र तिला बरंच वेगळं वाटलं. तिकडच्या गुरुद्वाऱ्यात तिनं दिव्यांची आरती पाहिली नव्हती, इथं पाहिली. तिथं एक ग्रंथ असतो, इथं गुरू ग्रंथसाहिबासोबत दसम ग्रंथाचाही प्रकाश होतो. इथं शस्त्रांना चंदन लावतात. तिनं विचारलं, हे सगळं तिकडं का नाही? सायकलवाल्याच्या मुलानं, जो आता गाड्यांचं गॅरेज चालवतो, तिला सांगितलं की इथली रीत जुनी आहे, दक्षिणेत राहिलेल्या शिखांनी ती जपली. मला त्याचं उत्तर आवडलं. ते त्यानं कुठं वाचलेलं नव्हतं, त्याच्या गॅरेजशेजारच्या सरदारजीकडून ऐकलेलं होतं.

या वेळी आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो. आरती झाली आणि शस्त्रदर्शन झालं: तलवारी, धनुष्य, बाण, पोलादी ढाल. तेव्हा राहून गेलेलं इतक्या वर्षांनी पाहिलं. मग लंगर. गुडघे दुखतात म्हणून बसायला वेळ लागला, पण बसलो जमिनीवरच, आणि क्रम कुणी ठरवला नसताना दाभडचा मित्र आणि कॅनडावाला शेजारी आले. खीर होती.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्या पुतण्याला घेऊन स्केटिंगला गेली. तिनं एका ओळीत चाकं असलेले बूट आणले होते, पुतण्याकडे मागवलेले होतेच. त्यांच्या चाकांमधलं बेअरिंग मी हातात घेऊन पाहिलं. 608 क्रमांकाचं, बाहेरून 22 मिलिमीटर, आमच्या ट्रकच्या बेअरिंगांपुढं नखाएवढं. आवाज जवळजवळ नाही. अर्धापुरात त्यांना खेळायला गुळगुळीत जागा कुठं? गावाबाहेरच्या एका नव्या लेआउटमध्ये रस्ते झालेत आणि घरं व्हायचीत, तिथं गेली. अर्ध्या तासात शेजारपाजारची दहाबारा पोरं जमली. तिनं स्वतःचे बूट काढून एकेकाला घालायला दिले आणि हात धरून चालवलं.

तिथं माझ्या मनात आलं ते मी इथं मोकळेपणानं लिहितो. आमच्या वेळेपेक्षा आजचं खूप काही चांगलं आहे. वेगळी कपबशी गेली, आणि ती गेली याचा मला मनापासून आनंद आहे. पोरं एका डब्यात जेवतात, एकमेकांच्या घरी राहतात. दाभडचा मित्र मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होईल, बागवानाची केळी पिकवण्याची स्वतःची शीतगृहं आहेत. पण गाव मात्र वाटलं गेलंय. तेव्हा आळ्या वेगळ्या असल्या तरी मैदान एक होतं, उतार एक होता, बेअरिंगची गाडी एकच होती आणि तिच्यासाठी नंबर लावायला लागायचा. आता नव्या वसाहती होतात त्याच मुळी एकेका समाजाच्या. मुलांचे बूट प्रत्येकाचे आपापले. आणि गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या मराठवाड्यात जातीच्या नावानं जी मनं दुखावली, त्यात कुणी कोणाच्या दुकानातून माल घ्यायचा, कुणाच्या टपरीवर चहा प्यायचा इथवर गोष्ट गेली. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी कोनाड्यातली कपबशी पाहिलेल्या माणसाला हे बघवत नाही. पाच घरांतली पाच पोरं एका दिवसासाठी एकत्र निघत होती, ते आज ठरवून करायला लागेल अशी वेळ आली आहे. रस्ता रुंद झाला म्हणून ते आपोआप होणार नाही.

नांदेडचे लोकही आता गुरुद्वाऱ्यात जातात ते पाहुणे आले की. पाहुण्यांना फोटो काढून देतात, प्रसाद घेतात आणि परततात. लंगरात बसत नाहीत, म्हणतात, गर्दी असते. गर्दी असते हे खरं. पण तिथं बसण्याची गंमत त्या गर्दीतच आहे, शेजारी कोण येईल हे आपल्या हातात नसण्यात आहे.

म्हणून अर्धापूर, मुदखेड, भोकर, हदगाव, लोहा इथल्या आईबापांना माझं सांगणं आहे. पौष शुद्ध सप्तमीला गुरू गोविंदसिंहजींचं प्रकाशपर्व असतं, डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीत. त्या दिवशी पोरांना पाठवा. महामार्गावर सायकली घालायला मी सांगणार नाही, त्या वेगात ते धोक्याचं आहे. एस.टी.नं पाठवा, पण आपल्या गल्लीतल्या नातेवाइकांबरोबर नाही, वर्गातल्या मित्रांबरोबर, आणि त्यांत दुसऱ्या गल्लीतले दोघे तरी असू द्या. डोक्याला रुमाल द्या, पायात सहज निघतील अशा चपला. आणि नगरपंचायतीत ज्यांचं कुणी ऐकतं त्यांनी एवढं करावं: नव्या लेआउटच्या नकाशावर जी मोकळी जागा दाखवलेली असते तिच्यावर एक सिमेंटचा सपाट चौक करून घ्यावा, सगळ्या गावाच्या पोरांसाठी. खर्च फार नाही. आणि नांदेडला गेलेल्या पोरांच्या जेवणाची काळजी नको: श्री लंगर साहिब गुरुद्वाऱ्यातला लंगर दिवसरात्र सुरू असतो, त्यामुळे पोरांना परतायला उशीर झाला तरी ती उपाशी येणार नाहीत.